पन्नास लाख कुणाचे?

‘बँकेत पन्नास लाख दाखवले की इंग्लंडमध्ये धंद्याचा व्हिसा मिळतो.’ गेल्या दहा-बारा वर्षांत हे वाक्य मी सायखेड्यात, नाशिकरोडला आणि पुण्यात आमच्या इंजिनिअर पोरांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की आता कुणी सांगायला लागलं की मी आधी विचारतो, कुठल्या साली? कारण हे वाक्य एकेकाळी बऱ्यापैकी खरं होतं. आज ते खरं नाही. पण सल्लागारांच्या दुकानांत आणि मावशी-चाचांच्या गप्पांत ते अजून जिवंत आहे, आणि त्याच्या जोरावर घरं गहाण पडतायत.

आधी हे वाक्य आलं कुठून ते बघू. ब्रिटनने २००८ मध्ये ‘टियर वन (आंत्रप्रेन्युअर)’ नावाचा व्हिसा सुरू केला. अट सोपी होती, निदान वाचायला. दोन लाख पौंड धंद्यात घालायला तयार ठेवा. काही विशिष्ट प्रकारच्या लोकांना, म्हणजे मान्यताप्राप्त व्हेंचर कॅपिटल किंवा सरकारी खात्याचा निधी मिळालेल्यांना, आणि पुढे शिक्षणानंतरच्या कामाच्या व्हिसावर तिथे असलेल्या विद्यार्थ्यांनाही पन्नास हजार पौंड पुरत. पौंड शंभर रुपयांच्या आसपास असताना हे झाले पन्नास लाख. त्यात दोघांनी मिळून एकाच रकमेवर ‘टीम’ म्हणून अर्ज केला तरी चालायचं. म्हणजे डोईवर पंचवीस लाख. नाशिकमध्ये एका फ्लॅटची किंमत!

मग २०१२ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनने विद्यार्थ्यांचा तो शिक्षणानंतरचा व्हिसाच बंद केला. दोन वर्षं काम करून कर्ज फेडू या हिशेबाने गेलेल्या पोरांपुढे एकच दार उरलं, ते उद्योजकाचं. साहजिकच सगळे तिकडे वळले. ब्रिटनमध्ये राहून हा व्हिसा मागणाऱ्यांचे अर्ज २००९ मध्ये शंभराच्या थोडे पुढे होते, ते २०१३ मध्ये दहा हजारांच्या घरात गेले. एवढे उद्योजक एकदम कुठून उगवले? उगवले नव्हतेच. परत गेलो तर घरी काय सांगू, या प्रश्नाचं उत्तर शोधणारी ती पोरं होती. सरकारला हे कळायला वेळ लागला नाही. २०१३ च्या सुरुवातीला ‘खरा उद्योजक’ आहे का याची तपासणी आली. अधिकारी विचारणार, बाजाराचा अभ्यास केलास का, आधी काय केलंस, हे पैसे कुणाचे? २०१४ च्या जुलैमध्ये विद्यार्थ्यांसाठीची ती वाट जवळजवळ बुजवली गेली. आणि २९ मार्च २०१९ ला नव्या अर्जांसाठी तो व्हिसाच संपला.

त्यातली एक गोष्ट सल्लागार तेव्हाही सांगत नसत. पैसे नुसते दाखवायचे नव्हते, घालायचे होते. सुरुवातीचा व्हिसा तीन वर्षं चार महिन्यांचा. मुदतवाढ हवी तर ती सगळी रक्कम धंद्यात खरोखर गेलेली दाखवावी लागे, आणि तिथे कायम राहणाऱ्या दोन माणसांना किमान बारा महिने पूर्णवेळ नोकरी दिलेली दाखवावी लागे. लंडनमध्ये दोन माणसांचा वर्षाचा पगार! पन्नास लाखांतले किती उरतात ते बोटांवर मोजून बघा. ‘बॅलन्स दाखवला की काम झालं’ असं ज्यांना सांगितलं गेलं, त्यांचं खरं संकट तीन वर्षांनी सुरू व्हायचं.

माझं म्हणणं असं आहे की पैशाची किमान अट हीच मुळात चुकीची परीक्षा होती. तेवीस-चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्याकडे पन्नास लाख स्वतःचे नसतात. म्हणजे ती परीक्षा त्याची नव्हती, त्याच्या बापाची होती. आणि बापाच्याही कामाची नाही, त्याच्या नावावर काय आहे याची.

आमच्याकडचं चित्र बघा. सायखेडा गोदावरीच्या काठावर, पलीकडे चांदोरी. दोन्ही गावं कांद्या-द्राक्षांवर जगतात. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्याकडेही पैसा हंगामापुरता येतो आणि जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा बाजारपेठेतल्या दुकानांत पाणी होतं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ पर्यंत उठली नाही. त्या पाच महिन्यांत कुणाचं काय झालं हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. आणि आपल्या समाजातल्या बहुतेक घरांकडे तर सातबाराही नाही. भाजीफळांचा गाळा, गॅरेज, टेलरिंग, बाजाराच्या दिवशी लावायचं दुकान, कुणाचा एखादा टेम्पो. अशा घरातला पोरगा कितीही हुशार असला, त्याने कोड कितीही नेटकं लिहिलं, तरी या चाळणीतून तो पहिल्याच झटक्याला खाली पडतो. आणि जो पडत नाही, तो घर गहाण टाकून वर राहिलेला असतो.

कायद्यात कुणाच्या जातीधर्माचं नाव नसतं, हे मान्य. पण चाळणीला नाव लागतंच कुठे? दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीने १८९७ मध्ये स्थलांतराचा कायदा केला. त्यात हिंदी माणसाचा उल्लेख नव्हता. फक्त युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे, एवढंच. रोख कुणावर आहे ते गुजराती आणि कोकणी व्यापाऱ्यांना बरोबर समजलं होतं. भाषेच्या जागी रक्कम घाला, यंत्र तेच. (व्हिसा देणारा देश आपल्या सोयीने अटी घालणार, हा त्याचा हक्कच आहे. मी तो नाकारत नाही. पण अट ठेवताना तिला ‘प्रतिभेचा शोध’ म्हणू नये, एवढंच.)

आता गंमत अशी की अमेरिकेचा नियम बरोबर उलट्या बाजूने चालतो. तिथे २०१७ च्या जानेवारीत ‘इंटरनॅशनल आंत्रप्रेन्युअर रूल’ जाहीर झाला. मध्ये तो गुंडाळण्याचा प्रयत्न झाला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि २०२१ मध्ये तो रद्द करण्याचा प्रस्ताव मागे घेतला गेला. यात कंपनी अमेरिकेत गेल्या पाच वर्षांत स्थापन झालेली हवी, तुमचा त्यात किमान दहा टक्के हिस्सा हवा, आणि गुंतवणूक हवी. सुरुवातीला ही रक्कम अडीच लाख डॉलर होती. महागाईनुसार ती वाढते आणि ऑक्टोबर २०२४ पासून ३,११,०७१ डॉलर झाली, म्हणजे अडीच कोटी रुपयांच्या वर. पण हे पैसे कुणाचेही चालत नाहीत. ते ‘पात्र’ अमेरिकी गुंतवणूकदाराचे हवेत, ज्याने आधी नव्या कंपन्यांत पैसा घालून काही यश दाखवलंय. आणि तुमचे स्वतःचे, आई-वडिलांचे, बायको-नवऱ्याचे, भावा-बहिणीचे पैसे त्यात मोजलेच जात नाहीत. न्यू जर्सीतल्या सख्ख्या भावाने चेक लिहून दिला तरी या नियमात त्याची किंमत शून्य.

मला हा नियम ब्रिटनच्या जुन्या नियमापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो. निदान तो म्हणतो की तुझ्यावर परक्या माणसाने विश्वास टाकलाय का ते दाखव. पण हाही व्हिसा नव्हेच. ती अडीच वर्षांची तात्पुरती परवानगी आहे, तिला ‘पॅरोल’ म्हणतात, आणि ती एकदाच आणखी अडीच वर्षांनी वाढू शकते. पुढे कायमचं राहण्याची वाट त्यातून आपोआप निघत नाही. आणि ज्या मुलाचं कॉलेज, वस्तीगृह, मित्र हे सगळं श्रीमंत वर्तुळात गेलं नाही, त्याला असा गुंतवणूकदार भेटणार कुठे? म्हणजे इथे परीक्षा बापाच्या पैशाची नाही, ओळखीची.

ब्रिटनमध्ये आज काय आहे, ते नीट समजून घ्या. २०१९ मध्ये जो ‘इनोव्हेटर’ व्हिसा आला त्यात पन्नास हजार पौंडांची अट होती. १३ एप्रिल २०२३ पासून त्याच्या जागी ‘इनोव्हेटर फाउंडर’ आला आणि किमान गुंतवणुकीची अट गेली. शून्य. तिथे शिकणारा विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर तिथूनच त्यासाठी अर्ज करू शकतो. पण त्याआधी सरकारने नेमलेल्या एखाद्या संस्थेकडून शिफारस मिळवावी लागते. कल्पना नवी हवी, चालण्यासारखी हवी आणि वाढण्यासारखी हवी. शिफारशीच्या छाननीचे एक हजार पौंड, नंतरच्या किमान दोन भेटींचे प्रत्येकी पाचशे, शिवाय व्हिसाची फी आणि आरोग्य अधिभार वेगळा. किराणा, बिर्याणीचं हॉटेल, मोबाइल दुरुस्ती, टॅक्सी, म्हणजे आपली माणसं जिथे खरोखर यशस्वी झाली ते धंदे, यात ‘नवे’ ठरायची शक्यता फार कमी.

आणि पन्नास हजार पूर्ण गेले असंही समजू नका. तीन वर्षांनी कायम वास्तव्य मागताना ठरावीक निकषांपैकी दोन पूर्ण करावे लागतात. त्यातला एक निकष धंद्यात किमान पन्नास हजार पौंड आले आणि खर्च झाले हा आहे. बाकीचे बघितले तर तो सोपाच वाटावा: वर्षाला दहा लाख पौंडांची उलाढाल, किंवा दहा पूर्णवेळ नोकऱ्या, किंवा ग्राहक दुपटीने वाढणं, असे. पुढच्या दाराची अट मागच्या दाराला लावली, इतकाच फरक. तरी मी या बदलाच्या बाजूने आहे, कारण आता निदान सुरुवात करायला बापाचं घर लागत नाही. मधल्या तीन वर्षांत धंदा खरंच चालला तर ते पन्नास हजार धंद्यातूनच किंवा भागीदारातून येऊ शकतात.

जर्मनीचं उदाहरण मला यात सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं, आणि आपल्याकडे त्यावर कुणी बोलत नाही. २००५ मध्ये तिथे स्वतःचा धंदा काढायला येणाऱ्यासाठी दहा लाख युरो आणि दहा रोजगार हे माप होतं. ते आधी पाच लाखांवर, मग अडीच लाख युरो आणि पाच रोजगारांवर आलं, आणि २०१२ मध्ये आकडा कायद्यातून काढूनच टाकला. त्याच वेळी जर्मन विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांसाठी वेगळी सवलत आली. जे शिकलात त्याच्याशी संबंध असलेला धंदा असेल तर नेहमीच्या बऱ्याच अटी लागू नाहीत. म्हणजे परीक्षा तुमच्या शिक्षणाची. पण तिथे धंदा चालवायचा तर जर्मन शिकलेली बरी, आणि आमच्या पोरांना तिथेच कंटाळा येतो.

आता आपल्या बाजूचे नियम. इथेच घरं बुडतात.

भारतातून एक व्यक्ती एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवू शकते, ही रिझर्व्ह बँकेची २०१५ पासूनची मर्यादा. ‘मग काय, पन्नास लाख तर आरामात बसतात’ असं सल्लागार म्हणतो. बसतात. पण परदेशात भांडवल म्हणून पाठवायच्या पैशासाठी बँकेने कर्ज द्यायचं नाही, असं त्याच योजनेच्या नियमांत आहे. शिक्षणाचं कर्ज वेगळं, ते मिळतं. घरावर किंवा जमिनीवर कर्ज काढून ते मुलाच्या परदेशी कंपनीत घालणं वेगळं. म्हणून काय होतं? कर्ज घर दुरुस्तीच्या नावाने निघतं, नाहीतर सावकाराकडून येतं. मग ब्रिटनचा अधिकारी विचारतो, पैसे कुठून आले? खरं सांगावं तर इथे अडचण, खोटं सांगावं तर तिथे. फसवणूक सिद्ध झाली तर ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते.

दुसरी गोष्ट करकपातीची. शिक्षण किंवा उपचार सोडून इतर कारणासाठी वर्षाला दहा लाखांच्या वर जे पाठवाल त्यावर बँक वीस टक्के टीसीएस घेते. पन्नास लाख पाठवले तर चाळीस लाखांवर आठ लाख, तेही वेगळे भरायचे. हा कर बुडत नाही, विवरणपत्र भरलं की समायोजित होतो किंवा परत मिळतो. पण ज्या शेतकऱ्याचं सगळं उत्पन्न शेतीचं आणि करमुक्त, त्याने आयुष्यात विवरणपत्र भरलेलं नसतं. त्याचे आठ लाख वर्षभर अडकतात, आणि मागितलेच नाहीत तर तसेच राहतात. वडिलांनी मुलाच्या तिथल्या कंपनीचे शेअर घेतले तर ती परदेशी थेट गुंतवणूक ठरते. २०२२ च्या नियमांखाली तिची बँकेमार्फत नोंद करावी लागते. हे सगळं कायदेशीर आहे, करता येतं. पण हे सांगणारा सल्लागार मला अजून भेटायचाय.

तिसरी, ‘बॅलन्स भाड्याने’. ठरावीक दिवस खात्यात रक्कम ठेवायची, त्याचं व्याज द्यायचं, काम झालं की रक्कम परत. जुन्या व्हिसात नव्वद दिवसांपेक्षा कमी काळ असलेल्या पैशाचा मूळ स्रोत दाखवावा लागे, म्हणून नव्वद दिवसांचं भाडं. एका ओळखीच्या घरात मी हा हिशेब कागदावर बघितलाय. तीन महिन्यांचं व्याज मुलाच्या एका सेमिस्टरच्या फीएवढं होतं, आणि रक्कम कधीच त्यांची नव्हती.

व्याजाचा विषय निघालाच आहे तर आपल्यापुरतं बोलू. आपल्यातली कितीतरी मुलं शिक्षणाच्या कर्जापाशीच अडतात, कारण घरात व्याज नको असतं. हा त्यांचा निर्णय आहे आणि त्याची टिंगल करणाऱ्यांपैकी मी नाही. ज्यांनी कर्ज घेतलं त्यांना दोष देणाऱ्यांपैकीही नाही. केंद्राची ‘पढो परदेस’ योजना अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावर मुदतीपुरतं व्याज भरत असे, सहा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी. ती २०२२-२३ पासून बंद झाली. त्यावर जेवढा आवाज व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. आपणही केला नाही.

पण जे पोरगं शिक्षणाच्या कर्जावर व्याज नको म्हणून थांबतं, तेच पोरगं उद्योजक व्हिसाच्या नादात सावकाराच्या व्याजात कसं अडकतं, हे मला कळत नाही. आपल्या परंपरेत धंद्याच्या भांडवलाचं उत्तर आहे ना. एकाचं भांडवल, दुसऱ्याची मेहनत, नफा ठरलेल्या प्रमाणात, तोटा झाला तर भांडवलवाल्याचा पैसा गेला आणि मेहनतवाल्याची मेहनत. हजरत खदीजा (र.अ.) यांचा माल घेऊन प्रेषितांनी (स.अ.) व्यापार केला तो याच रीतीने. आजच्या भाषेत ही इक्विटी आहे. स्टार्टअपचं जग कर्जावर फारसं चालत नाही, हिश्शावर चालतं. म्हणजे जी गोष्ट आपल्याला घरातून माहीत आहे तीच तिथे हवी आहे, आणि आपण मात्र सावकाराचं दार वाजवतो.

आणखी एक. नियम मधेच बदलतात, आणि तुम्ही विमानात बसलात म्हणून थांबत नाहीत. ब्रिटनने २००२ मध्ये अतिकुशल लोकांसाठी एक योजना काढली, हजारो भारतीय गेले. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये मुदतवाढीच्या अटी बदलल्या आणि त्या आधीच तिथे आलेल्यांनाही लावल्या. लोकांनी मंच स्थापन केला, कोर्टात गेले, आणि ८ एप्रिल २००८ ला हायकोर्टाने सांगितलं की आधीच आलेल्यांवर हे अन्यायाचं आहे. लढाई जिंकली, पण मधली दीड वर्षं काही जणांनी नोकरी आणि घर दोन्ही सोडून काढली. विद्यार्थ्यांचंच बघा. २०१२ मध्ये बंद केलेला शिक्षणानंतरचा व्हिसा ‘ग्रॅज्युएट रूट’ नावाने २०२१ मध्ये परत आला, दोन वर्षांचा. २०२७ च्या जानेवारीपासून तो पीएचडी नसलेल्यांसाठी अठरा महिन्यांचा होतोय.

तरीही जायचं असेल तर मी ‘जाऊ नका’ म्हणणार नाही. मला एवढंच वाटतं की क्रम बदला. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा धंदा करायला मनाई आहे, फ्रीलान्स कोडिंगसुद्धा नाही. ‘ऑनलाइन आहे, कोण बघतंय’ हा सल्ला देणाऱ्यापासून लांब राहा. पण ग्रॅज्युएट रूटवर स्वतःचा धंदा चालतो, आणि तिथे एक पैचीही गुंतवणूक अट नाही. तेवढ्या काळात एक ग्राहक, मग दुसरा, असं करून बघा. पैसे देणारे पाच ग्राहक असलेला माणूस शिफारस देणाऱ्या संस्थेसमोर बसतो तेव्हा त्याच्या बोलण्याला वजन असतं. अमेरिकेत ‘ओपीटी’च्या पहिल्या बारा महिन्यांत आपल्या विषयातला धंदा करता येतो. पुढच्या चोवीस महिन्यांच्या वाढीत मात्र खरा मालक-नोकर संबंध दाखवावा लागतो, तिथे स्वतःच स्वतःचा मालक होणं चालत नाही. पहिलं वर्ष नोकरी शोधण्यात घालवून धंद्याची कल्पना दुसऱ्या वर्षावर टाकणारे इथे फसतात.

सल्लागारांबद्दल सरकारने काहीतरी केलं पाहिजे. आखाती देशांत मजूर पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. विद्यार्थी आणि ‘उद्योजक’ पाठवणारा त्या कायद्यात येत नाही, कारण तो नोकरी देत नाही, फक्त ‘मार्गदर्शन’ करतो. पंजाबने २०१२ मध्ये कायदा करून अशा सल्लागारांना परवान्याच्या चौकटीत आणलं. तिथे फसवणूक थांबली असं मी म्हणत नाही, पण निदान तक्रार कुठे करायची ते ठरलं. नाशिक जिल्ह्यातल्या आमदारांना आपण द्राक्ष आणि कांद्यासाठी निवेदनं देतो. त्यांतल्या एका निवेदनात महाराष्ट्रातही असा परवाना हवा ही मागणी घालायला काय हरकत आहे?

आणि एक काम सरकारशिवायही होण्यासारखं आहे. आपल्या जमातींकडे, वेगवेगळ्या बिरादऱ्यांच्या मंडळांकडे शिक्षणासाठी मदत देण्याची रीत आहे. ती बहुतेक वह्या-पुस्तकं आणि फी यांवर थांबते. पाच-सहा कमावत्या इंजिनिअरांनी मिळून, जकातीचा नाही, स्वतःच्या बचतीचा पैसा एकत्र करून गावातल्या एका मुलाच्या कंपनीत दहा-पंधरा टक्के हिस्सा घेतला, कागदावर करार केला, तोटा झाला तर झाला असं आधीच मान्य केलं, तर त्याला सावकाराकडे जावं लागणार नाही. कंपनी आधी इथे काढा, नाशिकला किंवा पुण्याला. विक्री झाल्याचे कागद हातात असले की मग कुठल्या देशाचा कुठला नियम लागतो ते बघता येईल. आम्ही चौघांनी यंदा असा एक करार केलाय. रक्कम सहा लाख आहे, पन्नास नाही.